‘योग्य माणसे’ आणि मतदार : बर्मिंगहॅमच्या नगरनिवडणुकांच्या इतिहासलेखनाविषयी

इंग्लंडमधील नगरशासनाच्या अभ्यासात ई. पी. हेनॉक यांच्या ‘फिट अँड प्रॉपर पर्सन्स’ (१९७३) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम व लीड्स येथील नगरसभांत कोणत्या व्यवसायाचे व कोणत्या प्रतिष्ठेचे लोक बसत होते, याची त्यांनी परिश्रमपूर्वक छाननी केली. थोर पुरुषांच्या चरित्रांवर विसंबणाऱ्या इतिहासाला त्यामुळे मोजमापाची शिस्त लागली, हे निर्विवाद आहे. परंतु निवडून आलेल्यांची मोजणी म्हणजे निवडणुकीचा इतिहास नव्हे. निवडून देणारा कोण, हा प्रश्न या पद्धतीत दुय्यम ठरतो; आणि बर्मिंगहॅमच्या बाबतीत तर तोच कळीचा आहे.

१८३५ च्या कायद्याने नगरसभेचा मताधिकार स्थानिक कर भरणाऱ्या रहिवाशांना दिला व दरवर्षी एक तृतीयांश सभासदांनी निवृत्त व्हावे असे ठरविले. बर्मिंगहॅमला १८३८ मध्ये सनद मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या पहिल्या निवडणुकीत ४८ ही जागा सुधारणावाद्यांनी जिंकल्या. मात्र मतदारांनी कौल दिला तरी सत्ता हाती आली नाही. रस्ते व गटारे यांचा कारभार १८५१ च्या कायद्यापर्यंत जुन्या स्ट्रीट कमिशनरांकडेच राहिला. १८३९ ते १८४२ या काळात पोलीसही नगरसभेच्या ताब्यात नव्हते.

सहाव्या दशकात जोसेफ ऑल्डे यांच्या काटकसरवादी गटाचा प्रभाव वाढला. सभागृहात लहान व्यापाऱ्यांची संख्या वाढली व प्रतिष्ठित कारखानदार दुरावले, म्हणून हा काळ ऱ्हासाचा मानला जातो. येथे एक गोष्ट नजरेआड होते. स्थानिक कर उत्पन्नावर नव्हे, तर वापरात असलेल्या जागेच्या मूल्यावर बसत असे. दुकानावाचून ज्याचा धंदाच चालत नाही, अशा लहान व्यापाऱ्याला हा बोजा धनिकापेक्षा अधिक जाचक होता. त्याच्या मताला केवळ कोतेपणा म्हणणे म्हणजे करपद्धतीचा दोष करदात्याच्या माथी मारणे होय. अर्थात या काटकसरीची किंमत गलिच्छ वस्तीतील गरिबांनी आपल्या आरोग्याने चुकविली, हेही विसरता येत नाही.

जॉर्ज डॉसन व आर. डब्ल्यू. डेल या धर्मोपदेशकांनी नगरसेवेला नैतिक कर्तव्याचे रूप दिले, आणि जोसेफ चेंबरलेन १८६९ मध्ये सभासद व १८७३ मध्ये महापौर झाले. ग्रंथाचे हे विवेचन सरस आहे. तथापि त्याच १८६९ च्या कायद्याने निवासाची मुदत एक वर्षावर आणली व करदात्या स्त्रियांना मत दिले. १८७२ मध्ये गुप्त मतदान आले. लिबरल असोसिएशनने वॉर्डावॉर्डातून संघटना बांधली. बदललेल्या या मतदारवर्गाला पटेल असाच कार्यक्रम चेंबरलेन यांना आखावा लागला. १८७५ मध्ये नगरसभेने वायुपुरवठा विकत घेतला तो नफ्यासाठी, म्हणजे पर्यायाने करभार हलका करण्यासाठी. पाणीपुरवठा मात्र नफ्यासाठी नव्हे, आरोग्यासाठी घेतला. सुधारणा-योजनेतून कॉर्पोरेशन स्ट्रीट उभा राहिला, पण त्यासाठी विस्थापित झालेल्या कामगारांना त्या प्रमाणात घरे मिळाली नाहीत. सभागृहात ‘योग्य माणसे’ असूनही हे घडले.

करांच्या राजकारणाचा उल्लेख हेनॉक यांच्या ग्रंथात नाही असे नव्हे. परंतु सभासदांची प्रतिष्ठा हा निकष मध्यवर्ती झाल्याने ते पार्श्वभूमीवर राहते. पुढील इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. १९४५ मध्ये स्थानिक मताधिकाराची करदातेपणाशी असलेली जुनी सांगड सुटली आणि १९७४ मध्ये सभासदांकडून निवडले जाणारे ऑल्डरमन नगरसभेतून गेले. हे दोन्ही बदल कोणाला बसवावे यापेक्षा कोणी बसवावे, या प्रश्नाशी निगडित आहेत. नगरसभेचे मूल्यमापन सभासदांच्या प्रतिष्ठेवरून करावे की ज्यांच्या वतीने ते बसतात त्यांच्या जीवनावरून, याचा निर्णय आकडे मोजण्यापूर्वीच करावा लागतो. तो न केल्यास आकडेवारी बिनचूक असूनही निष्कर्ष एकांगी राहतो.