नियम माहीत असणे आणि खेळ येणे : पोकेमॉनच्या नियमव्यवस्थेसंबंधी काही विचार

'मला या खेळाचे नियम माहीत आहेत' आणि 'मला हा खेळ येतो' ही दोन विधाने मराठी भाषक सहसा एकमेकांच्या जागी वापरीत नाही. पोहण्याची पद्धत माहीत असते, पोहणे येते. गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात याच भेदाचे विवेचन केले. व्याकरणाच्या अध्यापकाला तर तो रोज भेटतो. संधीचे सर्व नियम बिनचूक लिहिणारा विद्यार्थी प्रत्यक्ष वाक्यात संधी ओळखताना अडखळतो, तेव्हा त्याला नेमके काय यावयाचे राहिले, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाचा विचार येथे एका अनपेक्षित उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण मुलांच्या खेळातले असले, तरी त्यातील नियमव्यवस्था मुळीच पोरकट नाही.

'पोकेमॉन' हा जपानी भूमिकाप्रधान खेळ १९९६ मध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' या दोन आवृत्त्यांच्या रूपाने गेम बॉय या हातात धरावयाच्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता, आणि खेळाची मूळ कल्पना त्या छंदातून आली. खेळाडू प्रशिक्षकाची भूमिका घेतो, नाना प्रकारचे काल्पनिक प्राणी पकडतो, वाढवतो आणि इतरांच्या प्राण्यांशी लढवतो. आरंभी दोन यंत्रे तारेने जोडून होणाऱ्या या लढती २००६ च्या आवृत्त्यांपासून आंतरजालावरून दूरदूरच्या खेळाडूंशी होऊ लागल्या. प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन 'प्रकार' असतात : अग्नी, जल, तृण, विद्युत्, भूमी इत्यादी. प्रत्येक चालीलाही एक प्रकार असतो. चालीचा प्रकार आणि प्रतिपक्षाचा प्रकार यांच्या संबंधावरून आघात दुप्पट होतो, निम्मा होतो, तसाच राहतो किंवा शून्य होतो. १९९६ मध्ये हे प्रकार १५ होते. १९९९ मध्ये १७ आणि २०१३ मध्ये १८ झाले. म्हणजे आजच्या कोष्टकात ३२४ घरे आहेत.

प्रस्तुत लेखिकेने हा खेळ शिकावयास घेतला, तेव्हा अभ्यासकाच्या सवयीने प्रथम हे कोष्टकच पाठ केले. नववीत शिकणाऱ्या भाच्याशी खेळताना तरीही लागोपाठ पराभव पदरी आला. भाच्याने ते कोष्टक सलग कधी पाहिलेही नव्हते. भूमी-प्रकारच्या चालीचा पक्ष्यावर परिणाम होत नाही हे त्याने कसे लक्षात ठेवले, असे विचारता तो म्हणाला, "अगं मावशी, त्यात पाठ काय करायचं? तो उडतोय ना? मग जमिनीचा धक्का त्याला बसेल कसा?" हे उत्तर पटले आणि पुढच्याच डावात महागात पडले. समोर ग्यारडॉस नावाचा जलसर्पासारखा, पंख नसलेला प्राणी आला. हा काही उडत नाही, अशा विश्वासाने भूकंपाची चाल वापरली, परिणाम शून्य. त्याचे प्रकार जल आणि उड्डाण असे आहेत. कारण विचारले, तर भाच्याचे उत्तर एवढेच : "तो आहेच तसा."

'तो उडतो म्हणून' आणि 'तो आहेच तसा' या दोन उत्तरांमध्ये नियम शिकण्याचे जवळजवळ सगळे रहस्य आहे.

खेळांचे अभ्यासक येस्पर यूल यांनी 'हाफ-रिअल' (२००५) या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला, की संगणकीय खेळात नियम खरे असतात आणि जग कल्पित असते. कल्पित जगामुळे नियम समजण्यास साहाय्य होते, हेही ते मान्य करतात. सिद्धान्त स्थूलमानाने ग्राह्य आहे. तथापि त्यात कल्पिताला दिलेली मदतनिसाची भूमिका अपुरी वाटते. कल्पित जग शिकणाऱ्याला हात देते, तसेच ते त्याला चकवतेही, आणि हा चकवाही शिक्षणाचा भाग आहे. भाषाशास्त्रात या गोष्टीला नाव आहे. सोस्यूरने चिन्हाची यादृच्छिकता सांगताना सापेक्ष सकारणतेचीही नोंद केली होती : फ्रेंचमधील एकोणीस या संख्येचा शब्द दहा आणि नऊ यांच्या जोडीतून उलगडतो, विसाचा शब्द उलगडत नाही. मराठी मुलाला एकोणतीस, एकोणचाळीस यांतील 'एकोण' एकदा उमगला, की एकोणनव्वदपर्यंत तो त्याला तारून नेतो, आणि नव्याण्णवपाशी दगा देतो. 'एकोणशंभर' म्हणणारे मूल चुकते खरे. पण ते नियम शिकले आहे याचा पुरावा ती चूकच होय. भूकंपाची वाया गेलेली चाल ही अशीच 'एकोणशंभर' होती.

पुढे असे दिसून येते, की कोष्टकातील पुष्कळ घरांना जगातील कोणतेही कारण नाही. कारण आहे ते व्यवस्थेतील. २०१३ मध्ये परी हा नवा प्रकार आला आणि नाग-प्रकारच्या चाली त्याच्यावर निष्फळ ठरल्या. परीने सर्पासुराला का जिंकावे, याचे उत्तर निसर्गात शोधणे व्यर्थ आहे. तोवर नाग-प्रकाराचे प्राणी केवळ हिम आणि स्वतःचाच प्रकार यांनाच विशेष भीत असत. नव्या घटकाच्या प्रवेशाने त्यांचे मूल्य बदलले. त्याच वेळी पोलाद-प्रकाराने भूत आणि अंधार यांच्यापासूनचे आपले संरक्षण गमावले. एक पद आले आणि इतर पदांची मूल्ये सरकली. भाषेची बुद्धिबळाच्या डावाशी तुलना करणाऱ्या सोस्यूरला हे उदाहरण परके वाटले नसते.

नियम कोठे राहतो, याविषयीही हा खेळ काही सांगतो. १९९६ च्या आवृत्त्यांत, मानसशक्तीच्या प्राण्यांना भीती केवळ भुतांची आणि कीटकांची असते, असे खेळातील एक पात्र स्वतःच सांगते. प्रत्यक्षात आज्ञावलीतील चुकीमुळे भूत-प्रकारच्या चालीचा त्या प्राण्यांवर काहीच परिणाम होत नसे. ही चूक १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' आवृत्त्यांत दुरुस्त झाली. मधल्या काळात नियम कोणता मानावयाचा? सांगितलेला की घडणारा? लढणाऱ्यांनी घडणारा मानला, कारण हार-जीत त्यावर ठरत होती. लिखित व्याकरण आणि बोलणाऱ्यांचा व्यवहार यांत अंतर पडले, की भाषा कोणाच्या बाजूने जाते हे आपल्याला ठाऊक आहे.

पाणिनीय परंपरेशी परिचित असलेल्यांस आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटेल. भूमी-प्रकारच्या चालीचा विद्युत्-प्रकारच्या प्राण्यावर दुप्पट आघात होतो, हा उत्सर्ग. २००२ पासून प्राण्यांना अंगभूत शक्ती मिळाल्या. त्यांतील 'लेव्हिटेट' ही शक्ती असलेला प्राणी अधांतरी राहतो, म्हणून त्याच्यावर भूमीची चाल चालत नाही, हा अपवाद. २००६ मध्ये 'मोल्ड ब्रेकर' ही शक्ती आली. ती असलेला आक्रमक प्रतिपक्षाची अशी शक्ती जुमानत नाही आणि मूळ नियम पुन्हा प्रवृत्त होतो. यास प्रतिप्रसव म्हणावयास हरकत नाही. २०१० मध्ये आलेला ईलेक्ट्रॉस हा प्राणी केवळ विद्युत्-प्रकारचा असून त्याच्यापाशी 'लेव्हिटेट' आहे. विद्युत्-प्रकाराचे एकमेव मर्मस्थान भूमी, आणि तेच झाकले गेल्यामुळे प्रकारांच्या दृष्टीने त्याला मर्मस्थानच उरत नाही. हे वाक्य वाचून समजते. पण लढत चालू असता, मोजक्या क्षणांत, उत्सर्ग, अपवाद आणि प्रतिप्रसव यांचा क्रम मनात लागणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिली माहिती होय. दुसरीला 'येणे' म्हणतात.

या दृष्टीने २०१६ च्या 'सन' आणि 'मून' या आवृत्त्यांतील एक बदल विचारणीय आहे. ज्या प्राण्याशी पूर्वी सामना झाला आहे, त्याच्यावर कोणती चाल किती परिणामकारक ठरेल, हे चाल निवडण्यापूर्वीच पडद्यावर लिहिलेले दिसू लागले. नवशिक्याला दाराबाहेर ताटकळत ठेवू नये हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे, आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. शिवाय या सोयीने खेळ संपत नाही. दोन्ही खेळाडू आपला निर्णय एकाच वेळी घेतात, आणि प्राणी बदलण्याची क्रिया सामान्यतः आघातापूर्वी होते. पडद्यावरील पट्टी समोर उभ्या असलेल्या प्राण्याविषयी बोलते. पुढच्या क्षणी त्याच्या जागी कोण येईल, हे ती सांगू शकत नाही. ती शब्दार्थ देते, वाक्यार्थ देत नाही.

तरीही या पट्टीविषयी एक आक्षेप राहतोच. तिच्यामुळे चुकण्याची पहिली संधी नाहीशी होते. ग्यारडॉसपुढे भूकंप वाया गेला नसता, तर 'उडतो म्हणून' या कारणाची मर्यादा कळली नसती आणि 'आहेच तसा' या उत्तराचा अर्थही लागला नसता. आपल्या वर्गांत परीक्षेपूर्वी फिरणारी गाईडे नेमके हेच करतात : उत्तर देतात आणि चूक हिरावून घेतात. त्यांतील उत्तर खोटे नसते, आणि म्हणूनच विद्यार्थ्याला आपले शिकणे संपले असे वाटते.

व्याकरण शिकवताना नियम आधी सांगावा की उदाहरण आधी द्यावे, हा वाद जुना आहे. त्यात भर एवढीच घालावीशी वाटते, की या दोहोंच्या मध्ये विद्यार्थ्याच्या स्वतःच्या 'एकोणशंभर'साठी जागा राखून ठेवली पाहिजे. लेखिकेचे ३२४ घरांचे पाठांतर व्यर्थ गेले असे नाही. चुका होऊ लागल्यावर ते उपयोगी पडले. मात्र चुकांच्या आधी ते केवळ एक कोष्टक होते.