हातातील कंप : एक निवाडा

दिवाळीच्या सुट्टीत निपाणीहून आमची बहीण मुलांसह बेळगावी आली, की आमच्या घराचे न्यायालय होते. यंदाचा तंटा व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरविषयी होता. मोटारशर्यतीच्या खेळात थोरल्या भाच्याने कंट्रोलरचे कंपन बंद करून ठेवले होते. ही थरथर व्यर्थ, बॅटरी खाणारी आणि हात ढळविणारी, असे त्याचे म्हणणे. धाकट्याची तक्रार अशी की, ती नसेल तर गाडी रस्ता सोडून मातीत गेली हे हाताला कळतच नाही. "मामा, आता तुम्हीच सांगा," असे दोघेही म्हणाले. आम्ही दोन संध्याकाळ तो खेळ दोन्ही रीतींनी खेळून पाहिला. मुद्दा पोरकट वाटला होता, तो तसा निघाला नाही.

मैदानी खेळात हात हा नुसता हुकूम बजावणारा शिपाई नसतो, तो बातमीदारही असतो. पतंग ठिपक्याएवढा दूर गेला, तरी वर वारा कसा आहे हे बोटावरचा मांजा सांगतो. चेंडू बॅटच्या मध्यावर बसला की कडेला लागला, हे डोळ्यांच्या आधी तळहाताला कळते. व्हिडिओ गेममध्ये मात्र हात हुकूम देतो आणि उत्तर डोळ्यांकडे व कानांकडे जाते. ज्याने काम केले त्यालाच उत्तर नाही! ही उणीव भरून काढण्याचा यत्न म्हणजे कंपन. त्याची जुनी रचना साधी आहे. कंट्रोलरच्या दोन मुठींत दोन लहान मोटरी असतात आणि त्यांच्या आसांवर एका अंगाला झुकलेली वजने असतात. मोटर फिरली की त्या असमतोलाने मूठ हादरते. जड वजनाचा हादरा दणदणीत, हलक्याचा बारीक.

कल्पना आजची नव्हे. सेगा कंपनीने 1976 मध्ये मोटारसायकलच्या खेळाचे एक यंत्र काढले, त्याची मूठ टक्कर होताच थरथरे. घरोघरी ही गोष्ट गेली ती 1997 मध्ये. त्या वर्षी निंतेंडोने 'स्टार फॉक्स 64' या खेळाबरोबर 'रंबल पॅक' आणले आणि वर्षअखेर सोनीचे 'ड्युअलशॉक' जपानात निघाले.

पुढे जे घडले ते वकिलाने विसरू नये असे आहे. स्पर्शसंवेदनेच्या पेटंटांवरून इमर्शन या अमेरिकन कंपनीने 2002 मध्ये सोनी व मायक्रोसॉफ्ट यांच्यावर कॅलिफोर्नियात दावा लावला. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी तडजोड केली. सोनी लढली आणि 2004 मध्ये ज्यूरीने तिच्याविरुद्ध 8 कोटी 20 लक्ष डॉलरांचा कौल दिला. दावा वरच्या न्यायालयात चालू असतानाच 2006 च्या नोव्हेंबरात 'प्लेस्टेशन 3' बाजारात आले, आणि त्याच्या कंट्रोलरमध्ये कंपन नव्हते! कंपनीने दिलेले कारण असे की, हाताची हालचाल टिपण्याची जी नवी सोय केली आहे, तिच्यात कंपनाचा व्यत्यय येतो. 2007 च्या मार्चमध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपन व हालचाल टिपण्याची सोय, दोन्ही एकाच मुठीत नांदणारे 'ड्युअलशॉक 3' जपानात विक्रीस आले.

पक्षकाराच्या कैफियतीपेक्षा त्याचे वर्तन अधिक बोलके असते, हा आमच्या धंद्यातला अनुभव. तथापि या वर्तनावरून एवढेच सिद्ध होते की लोकांना कंपन हवे होते. लोकांना हवे ते रसपूर्ण असतेच, असा कायदा नाही. रसाचा पुरावा खेळातच शोधला पाहिजे.

तो सापडतो. 'मेटल गिअर सॉलिड' या 1998 च्या खेळात मनोबलाचा गर्व वाहणारा एक खलनायक खेळणाऱ्याला कंट्रोलर जमिनीवर ठेवण्यास सांगतो आणि आपल्या 'शक्ती'ने तो हलवून दाखवितो. हलविते ते अर्थात कंपन; पण पडद्यावरचे पात्र क्षणभर आपल्या खोलीत उतरते. निंतेंडोच्या 'स्विच'बरोबर 2017 मध्ये आलेल्या एका खेळात हातातील कंट्रोलर हीच जणू पेटी. ती हलवून आत किती गोळ्या आहेत हे केवळ स्पर्शाने ओळखायचे. येथे कंपन काढून घेतले तर खेळच उरत नाही. 2020 च्या 'प्लेस्टेशन 5'चा कंट्रोलर वाळूवरचे चालणे आणि पावसाचे थेंब वेगवेगळे जाणवून देतो.

उलट, प्रत्येक गोळीला आणि प्रत्येक स्फोटाला एकच दणका देणारे खेळही ढिगाने आहेत. त्यांत दहा मिनिटांनी हात बधिर होतो आणि मन त्याहून आधी. चतुर्थीला गोव्यातील आप्तांकडे घुमट-आरतीला बसलेल्यांना हा भेद सांगावयास नको. घुमट वाजविणाऱ्याचा एक हात चामड्यावर, दुसरा मडक्याच्या तोंडावर. नाद उघडतो, मिटतो, आणि समोर बसलेल्याच्या छातीत तो तालासह उतरतो. विसर्जनाच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांची भिंतही छाती हादरविते. पण त्या हादऱ्यात आरती कोठे आहे?

थोरल्याचा एक आक्षेप उरतो. पतंगाची ओढ खरी, ही तर यंत्राने धाडलेली बतावणी. मान्य. पण संगीत नाटकात विंगेत पत्रा हलवून विजेचा कडकडाट करीत, तेव्हा प्रेक्षक छत्री उघडीत नसत आणि नाट्यगृह सोडूनही जात नसत. कडकडाट प्रसंगाला धरून झाला की नाही, एवढेच ते पाहत. बतावणी हा कलेचा दोष नव्हे. अवेळीची बतावणी हा दोष होय.

आणखी दोन पक्षकार या वादात हजर नाहीत. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याला ऐकू येत नाही, त्याला मागून आलेल्या संकटाची वर्दी हा कंपच देऊ शकतो. त्याच्यासाठी ही चैन नव्हे, खेळात शिरण्याचा दरवाजा आहे. आणि ज्याचे सांधे दुखतात, त्याला तोच कंप छळ आहे. म्हणून कंपन असावे आणि ते बंद करण्याची कळही असावी.

सबब निवाडा असा : कंपनाने खेळाची गोडी वाढते, पण ते साक्षीदार असेल तेव्हाच. घडलेले सांगणारा कंप ग्राह्य. घडले त्याचा नुसता जयजयकार करणारा भाट अग्राह्य. मुलांच्या हातातील मोबाईल प्रत्येक फुकटच्या बक्षिसाला थरथरून त्यांना पुन्हा बोलावितो, तो याच भाटांपैकी. पालकांनी तेथे लक्ष ठेवावे. धाकट्याचा दावा अंशतः मंजूर. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

निकाल ऐकून थोरल्याने कंपन निम्म्यावर आणून ठेवले. निपाणीस परतण्याच्या सकाळी दोघांना घेऊन आम्ही कपिलेश्वराच्या दर्शनास गेलो. थोरल्याने घंटा वाजविली आणि नाद विरेपर्यंत तिच्या कडेवर बोट टेकून उभा राहिला. धाकटा आमच्याकडे पाहून हसला. आम्ही काही बोललो नाही. निकाल देऊन झाला होता.