खिल की पुरवणी?

‘खिल’ या शब्दाकडे मी बऱ्याच वर्षांनी परत गेलो, तो व्हिडिओ गेममुळे. हरिवंश हा महाभारताचा खिल मानला जातो. ऋग्वेदालाही खिलसूक्तं जोडलेली आहेत. या शब्दाचा एक जुना अर्थ पडीक जमीन असा आहे, दोन नांगरलेल्या शेतांच्या मधला न कसलेला तुकडा. मूळ ग्रंथ संपला तरी त्याच्या बांधाला लागून थोडी जमीन उरली आहे असं कुणाला तरी वाटतं आणि तो तिथे नांगर घालतो. मराठीत दुसराही एक शब्द आहे, पुरवणी. उत्तरपत्रिकेची पानं संपली की हात वर करून मागायची ती. पुरवणीत नवा प्रश्न नसतो, जुन्याच उत्तराची शेपटी असते.

अलीकडे मोठ्या गेमना वर्षा-दोन वर्षांनी ‘एक्स्पान्शन’ जोडण्याची रीत पक्की झाली आहे. वेगळे पैसे मोजायचे आणि त्याच जगात नवा प्रदेश, नवी पात्रं, कधी नवा शेवटही घ्यायचा. अशा विस्तारांतला खिल कोणता आणि पुरवणी कोणती, हे मला इथे तपासायचं आहे. प्रश्न वाङ्मयीन आहे. उत्तरकांड मूळ रामायणाचं की नंतरचं, हा वाद आपण किती काळ घालतो आहोत! शेवटानंतर जे येतं ते शेवटाचा अर्थ बदलतं, म्हणूनच तर तो वाद इतका तापतो.

आधी एक कबुली. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो आणि कंट्रोलर हातात धरायला मला भाचीने शिकवलं. कठीण कादंबरीची पानं निदान उलटता तरी येतात. इथे हात चालला नाही तर पुढचं पानच उघडत नाही. माझ्या मतांना ही मर्यादा आहे.

‘सायबरपंक २०७७’ पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने डिसेंबर २०२० मध्ये आणला तेव्हा तो जुन्या यंत्रांवर इतका मोडका चालत होता, की सोनीने आपल्या दुकानातून तो काढूनच टाकला. २०२१ च्या जूनमध्ये तो परत आला. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार आला, आणि त्याच्या जरा आधी मूळ गेमची यंत्रणा मुळापासून दुरुस्त करणारी फुकट आवृत्ती. साहजिकच, बहुतेकांनी विस्ताराकडे प्रायश्चित्त म्हणून पाहिलं. मला ही नजर अपुरी वाटते. दुरुस्ती ही गवंड्याची गोष्ट झाली. विस्ताराने मूळ कथेचं काय केलं, ते पाहायला हवं.

मूळ कथेत व्ही नावाच्या भाडोत्री माणसाच्या (माझ्या खेळात बाईच्या) डोक्यात एक चिप आहे, आणि तीत जॉनी सिल्व्हरहँड या मेलेल्या गायक-बंडखोराचं व्यक्तिमत्त्व. ते हळूहळू व्हीला पुसत चाललं आहे. कुठलाही मार्ग घ्या, व्हीला पुरं आयुष्य मिळत नाही. ही शोकांतिका मला पटलेली होती. त्यामुळे विस्तारात व्हीला बरं होण्याचा एक मार्ग आहे असं कळलं तेव्हा माझा पहिला उद्गार छापण्याजोगा नव्हता. हुकमी सुखान्त जोडणं म्हणजे शुद्ध पुरवणी.

प्रत्यक्षात काय घडतं? डॉगटाउन नावाच्या बंदिस्त वस्तीत राष्ट्राध्यक्षांचं विमान कोसळतं. साँगबर्ड ही सरकारच्या वापराने झिजलेली हॅकर आणि तिला त्या नोकरीत ओढणारा सॉलोमन रीड हा हेर, या दोघांपैकी एकाला दगा द्यावा लागतो. रीडचं काम इद्रिस एल्बाने आवाजाच्या खालच्या पट्टीत फार संयमाने केलं आहे. तो खोटं बोलत नाही, फक्त स्वतःच फसलेला आहे, असं सतत वाटत राहतं. साँगबर्डला सरकारच्या हवाली करून व्ही शस्त्रक्रियेला होकार देऊ शकते. जॉनी पुसला जातो. शुद्ध येते तेव्हा दोन वर्षं गेलेली असतात आणि लढण्याची कृत्रिम अवयवं आता तिच्या देहाला कधीच चालणार नाहीत. फोन लावावेत तर ज्युडी लग्न करून दूर गेली आहे; गल्लीतला आपला डॉक्टर विक्टर मोठ्या कंपनीत चाकरी करतो आहे. जी शहरात दंतकथा व्हायला निघाली होती तिला फुटकळ गुंड जिन्यात बडवतात. अखेर ती रस्त्यावरच्या गर्दीत मिसळून दिसेनाशी होते.

हा सुखान्त नव्हे. मूळ गेम विचारत होता, कसं मरायचं. विस्तार विचारतो, जगलात तर कोण म्हणून जगाल. हा दुसरा प्रश्न पहिल्यात दडलेला होता, पण तिथे नांगर फिरला नव्हता. मोठ्या आजारातून उठून जुन्या कचेरीत परतलेल्या माणसाला तो जिना ओळखीचा वाटेल. मला वाटला. माझी तक्रार एवढीच, की हा शेवट गाठण्याआधी डॉगटाउनमध्ये गाड्या चोरण्याची आणि पेट्या गोळा करण्याची जी किरकोळ कामं पसरली आहेत ती निखळ पुरवणी आहेत.

‘एल्डन रिंग’चं प्रकरण अवघड. हिदेताका मियाझाकींच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणलेल्या या गेमचं पुराण रचण्यात जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा हात आहे. पण कथा कुणी सांगत नाही. तलवारीच्या वर्णनात दोन ओळी, पडक्या देवळातली एक मूर्ती, प्रेताच्या हातातली वस्तू, यांतून ती जुळवावी लागते. ताम्रपट वाचणाऱ्यांना ही पद्धत नवी वाटू नये. जून २०२४ मध्ये ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हा विस्तार आला. मूळ गेममधले दोन बलाढ्य शत्रू मारल्याशिवाय त्यात पाऊलही टाकता येत नाही, म्हणजे खिल वाचायचा तर आधी पर्वं वाचून या!

मूळ गेममध्ये हातपाय असलेले जिवंत रांजण आहेत. त्यांतला अलेक्झांडर हा योद्धा रांजण सगळ्यांचा लाडका. जमिनीत अडकून बसतो, आपण फटका हाणून बाहेर काढतो. रांजणांत मेलेल्या योद्ध्यांचे अवशेष असतात एवढं कळतं, आणि ते कसंबसं वीरश्रीचं वाटतं. विस्तारातल्या तुरुंगांत उतरल्यावर या प्रथेची जुनी बाजू समोर येते: एका जमातीच्या माणसांचं मांस सोलून-कापून रांजणांत भरलं जात असे. मग एका आडवाटेला लहानसं गाव लागतं. फुलं आहेत, मंद संगीत आहे, माणूस एकही नाही. राणी मारिका, जी पुढे देवी झाली, ती या गावची, याच जमातीची. तिच्या मुलाने, मेस्मरने, सगळा प्रदेश का जाळला ते तिथे उभं राहिल्यावर उमगतं. क्षमा मात्र करता येत नाही. आता मूळ गेमकडे परत गेलो की अलेक्झांडरचं हसणं पूर्वीसारखं ऐकू येत नाही. खिलाने मूळ ग्रंथाचा अर्थ मागे जाऊन बदलला, एकही ओळ न खोडता.

आणि मग शेवट! ज्या रादानला हरवून आपण आत आलो तोच रादान नव्या रूपात पुन्हा उभा. मिकेलासारखं गूढ पात्र दोन वर्षं पडद्याआड ठेवून त्याला दुसऱ्याच्या पाठीवर बसवलं, ही निर्मात्यांची कल्पना थकल्याची खूण वाटते. ही लढाई मी एकट्याने जिंकलो नाही. जमिनीवरची एक सोनेरी खूण दाबली, कुठल्याशा देशातला अनोळखी खेळाडू आला, त्याने वाकून नमस्कार केला आणि माझं काम करून निघून गेला. समीक्षकाने ग्रंथाचं शेवटचं पान दुसऱ्याकडून वाचून घेतलं असं कुणी म्हणेल. म्हणो बापडे. त्या वर्षी हा विस्तार ‘द गेम अवॉर्ड्स’च्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकित झाला तेव्हा जोडकाम स्वतंत्र कृती म्हणून मोजायचं का यावर भांडण झालं, पुरस्कार ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ला गेला आणि भांडण विरलं. हरिवंश स्वतंत्रपणे वाचला जातोच की.

कधी खिलच शेत गिळतो. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातल्या टीम चेरीच्या मूठभर माणसांनी २०१७ च्या ‘हॉलो नाइट’ला जोडायला घेतलेला विस्तार वाढत गेला, २०१९ मध्ये तो स्वतंत्र गेम असल्याचं जाहीर झालं आणि ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये हाती आला. हॉर्नेटची चपळाई देखणी आहे. पण या तीर्थक्षेत्रात काही ठिकाणी विसाव्याच्या बाकावर टेकायलाही जपमाळेचे मणी मोजावे लागतात! पहिल्यांदा मी हसलो. तिसऱ्यांदा मणी नव्हते, तेव्हा हसू आलं नाही. बहुधा तेच अभिप्रेत असावं.

इतकं लांबचं लिहून झाल्यावर पुण्याकडे वळतो. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० मधला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. असुरांनी पळवलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधणारी राजी, आणि तिच्याविषयी आपसांत बोलणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी धाटणीचे महाल, पहाडी चित्रांची आठवण देणारे रंग, कळसूत्री सावल्यांनी सांगितलेली कथा, हे सगळं मन लावून केलेलं आहे. नंतर हिंदी संवादही आले. मारामारी मात्र ठोकळेबाज आहे, आणि पाचेक तासांत कथा जिथे खरी उघडते तिथेच पडदा पडतो. देवांचं बोलणं ऐकताना मला सारखं वाटत होतं, या दोघांचं आपसांत काहीतरी बिनसलेलं आहे आणि त्याचा या पोरीशी संबंध आहे. गेमने ते कुठेच उलगडलं नाही. एल्डन रिंगच्या त्या रिकाम्या गावासाठी जेवढी जागा लागली, तेवढीच इथेही पुरली असती. भाचीने राजी संपवला आणि विचारलं, “मामा, पुढचं कुठाय?” मी यंत्रावर सगळीकडे शोधून पाहिलं.