नियम आहेत, साक्ष कोठे आहे?

आयझॅक असिमोव्ह ह्यांची ‘रनअराउंड’ ही इंग्रजी कथा १९४२ साली प्रसिद्ध झाली व १९५० साली ‘आय, रोबॉट’ ह्या संग्रहात आली. यंत्रमानवाचे सुप्रसिद्ध तीन नियम स्पष्ट शब्दांत प्रथम येथेच मांडले गेले. मनुष्यास इजा करू नये, अथवा स्वस्थ राहून ती होऊ देऊ नये. मनुष्याची आज्ञा पाळावी. आणि स्वतःचे रक्षण करावे. नियमांत विरोध आला, तर आधीचा श्रेष्ठ. कायद्याच्या पुस्तकांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस ह्या कलमांच्या आटोपशीरपणाचे कौतुक वाटते.

कथाही कलमांच्या झगड्याचीच आहे. बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या यंत्रमानवास सेलेनियम आणण्यास धाडले जाते. तळ्यापाशी त्याच्या देहास धोका असतो. आज्ञा सहज दिलेली. यंत्र मात्र मोलाचे, म्हणून आत्मरक्षणाचा नियम मुद्दाम बळकट केलेला. दोन्ही ओढी जेथे तुल्यबळ होतात, तेथे स्पीडी तळ्याभोवती प्रदक्षिणाच घालीत राहतो. अखेर पॉवेल स्वतःचा जीव संकटात घालतो, तेव्हा पहिला नियम जागा होतो व पेच सुटतो. रचना इतकी बांधेसूद आहे की एकही धागा सैल सापडत नाही.

तरीही आमची एक तक्रार आहे. यंत्रास मनुष्य ‘मनुष्य’ म्हणून ओळखता येतो, हे ह्या कथेने गृहीतच धरले आहे. न्यायालयात कलम लावण्यापूर्वी वस्तुस्थिती सिद्ध व्हावी लागते. यंत्राचा क्रमही तोच: आधी पाहणे, मग ठरविणे, मग करणे. पहिली पायरी चुकली की पुढील दोन्ही व्यर्थ.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी शहरात एक स्त्री रात्री सायकल ढकलीत रस्ता ओलांडीत होती. चाचणीवरील एका स्वयंचलित मोटारीच्या धडकेने ती मृत्यू पावली. सरकारी चौकशीत आढळले की धडकेपूर्वी ५.६ सेकंद यंत्रास काहीतरी दिसले होते. परंतु ते त्यास कधी वाहन, कधी अन्य वस्तू, कधी सायकल म्हणत राहिले. नेमून दिलेल्या जागेखेरीज इतरत्र कोणी पायी रस्ता ओलांडील, हा विचारच त्याच्या रचनेत नव्हता. पहिला नियम त्या यंत्रात कोरला असता, तरी तो कोणासाठी जागा होणार होता? पुढे फौजदारी खटला झाला तो मोटारीत देखरेखीस बसलेल्या व्यक्तीवर. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला. कंपनीवर मात्र फौजदारी खटला झाला नाही.

असिमोव्ह ह्यांची कथा आम्ही पुन्हा वाचू, इतरांसही वाचा म्हणू. परंतु नियम उत्तम असले म्हणजे यंत्र निर्धोक झाले, असा बोध कोणी तीतून घेऊ नये. न्यायाधीश कितीही नीतिमान असो, साक्ष खोटी असेल तर निकाल अन्यायाचाच होतो. म्हणून यंत्राची नीती तपासणाऱ्याने त्याची दृष्टी कोणी घडविली, हे प्रथम विचारावे आणि जबाबदारीही तेथूनच मोजावी.