नास्तिकाच्या घरी कडू घास कोण आणतं?

माझ्या पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सोपं करून सांगते: देव न मानणारी माणसं एकत्र कशी येतात, आणि आली तर टिकतात का. त्यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "त्यात काय एवढं, व्याख्यानं ठेवायची, पुस्तकं वाचायची." गंमत म्हणजे आमच्या क्षेत्रातलं बरंचसं संशोधनही थोड्याफार फरकाने हेच म्हणतं. आज अशाच एका पुस्तकाबद्दल लिहितेय. पुस्तक चांगलं आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

योहानेस क्वाक या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाचं 'डिसएन्चान्टिंग इंडिया' हे पुस्तक २०१२ साली आलं. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, म्हणजे आपल्या अंनिसच्या, कार्यकर्त्यांमध्ये वावरून त्यांनी हा अभ्यास केला. त्यांची मुख्य संकल्पना मी मराठीत 'अश्रद्धेची रीत' अशी सांगेन. म्हणजे असं: 'देव नाही' हे एक मत झालं. पण त्या मताबरोबर राग येतो, करुणा येते, कुणीतरी फसवलं जातंय याची चीड येते. कार्यकर्ता शाळेत जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवतो तेव्हा तो नुसतं रसायनशास्त्र शिकवत नसतो. 'हे बघा, तुम्हाला असं लुबाडतात' असं तो सांगत असतो. ज्ञान आणि नीती तिथे एकमेकांत गुंतलेली असतात. धर्म जसा रीतीभातीतून अभ्यासायचा, तशी अश्रद्धाही तिच्या रीतीतून अभ्यासा, असं क्वाक म्हणतात. हे मला पूर्ण पटतं.

अंनिसची एक गोष्टही या पुस्तकामुळे नीट समजते. सभासद व्हायला तिथे नास्तिक असावं लागत नाही. देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, ही भूमिका. त्यामुळे वारीला जाणारा शिक्षकही भोंदूबाबाविरुद्धच्या मोर्चात येऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात स्वतःला नास्तिक म्हणवणारे भरले सुमारे ३३ हजार. नुसती तेवढीच माणसं मोजत बसलो असतो तर जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच काय, कधीच झाला नसता.

मग भांडण कुठे आहे? भांडण आहे ते या पुस्तकाचा भर कुठे आहे, यावर. संशोधक जातो कुठे, तर शिबिरात, शाळेत, व्याख्यानाला. कार्यक्रम संपला, सतरंज्या गुंडाळल्या, की त्याची वहीही मिटते. 'रीत' हा शब्द घेतला खरा, पण रीत तर घरात असते, बारशाला, लग्नात आणि मर्तिकाला.

हे मला पुस्तकांतून नाही कळलं. चार वर्षांपूर्वी माझे काका गेले. तालुक्याच्या गावी राहणारे, तीस वर्षं पुरोगामी चळवळीत काढलेले. देहदानाचा फॉर्म भरून कपाटात ठेवलेला. आता देहदानाचं असं असतं की फॉर्म कितीही नीट भरा, मृत्यूनंतर काही तासांत नातेवाइकांनीच कॉलेजला कळवावं लागतं, आणि त्यांनी नको म्हटलं तर तो फॉर्म म्हणजे एक कागद. काकू एकटी होती. भावकी अर्ध्या तासात जमली. चळवळीतले मित्र तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, शोकसभा घेतली, दोन तास सुंदर बोलले, आणि शेवटच्या एसटीने गेले.

मधल्या वेळात सगळं रीतसर झालं. मडकं फुटलं, राख सावडली गेली. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा एक चुलते म्हणाले, "इच्छा राहिलीय त्याची." काकूने माझ्याकडे पाहिलं. कपाटातल्या फॉर्मबद्दल आम्हा दोघींनाच माहीत होतं. मीही गप्पच बसले.

यात भावकीला खलनायक करणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. पहिल्या रात्री कडू घास त्यांनीच आणला. तेरा दिवस काकूजवळ कुणी ना कुणी झोपायला होतं. विश्वास कुणाचा बरोबर हा प्रश्न त्या घरात आलाच नाही. प्रश्न एवढाच होता की माणसं कुणाकडे आहेत.

आता इतिहासाकडे बघा. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, त्यांनी भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. जोतीराव फुले नास्तिक नव्हते, ते निर्मिक मानत, हे इथे विसरून चालणार नाही. पण वेगळा समाज उभा करायचा तर आधी लग्न लावता आलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यासाठी त्यांनी मंगलाष्टकंही नवी लिहिली. पुढे ओतूरला असं लग्न झालं तेव्हा गावजोशी दक्षिणेचा हक्क सांगत कोर्टात गेले. भाषणावर कुणी असा दावा लावत नाही. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्यविधीच्या हक्कावरून वाद झाला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं, असं चरित्रांत नोंदलेलं आहे. २०१३ मध्ये दाभोलकरांची हत्या झाली. त्यांनी देहदान ठरवलं होतं, पण शवविच्छेदनामुळे ते होऊ शकलं नाही. साताऱ्यात धार्मिक विधींशिवाय अग्नी दिला तो मुलीने, मुक्ताने. या दोन प्रसंगांमध्ये १२३ वर्षं आहेत, आणि दोन्ही वेळी कसोटी लागली ती स्मशानात.

आंध्रचे गोरा तर उघड नास्तिक. त्यांचं नास्तिक केंद्र १९४० मध्ये मुदुनूर या खेड्यात निघालं आणि १९४७ मध्ये विजयवाड्याला आलं. त्यांची मुलगी मनोरमा हिचं दलित तरुणाशी लग्न आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये १९४८ साली झालं. ते गांधीजींच्या उपस्थितीत व्हायचं ठरलं होतं, पण त्याआधीच त्यांची हत्या झाली. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात जन्मलेल्या मुलाचं नाव गोरांनी लवणम ठेवलं. म्हणजे नाव ठेवण्यापासून सगळं नव्याने. तेलुगू नास्तिकांवरच्या 'टोटल एथीइझम' (२०२०) या पुस्तकात स्टेफान बिंडर हाच धागा धरतात: नास्तिकपण मतापुरतं न राहता सगळ्या जगण्यात उतरलं पाहिजे, हा आग्रह. क्वाक यांच्यानंतर हे वाचलं की काय निसटलं होतं ते लख्ख दिसतं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे आता नास्तिकांचीही एक जात काढायची का? आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. लग्न, मर्तिक, जेवण सगळं एकाच गटाच्या हातात गेलं की तो गट वाळीतही टाकू शकतो. जातपंचायतींचं बळ नेमकं तिथेच असतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला तो त्यासाठीच, आणि त्यामागे अंनिसचीच मोहीम होती. गोरांच्या केंद्राचा भारही बराचसा त्यांच्याच कुटुंबाने उचलला. अंनिसचं दार उघडं राहिलं ते ती 'घर' झाली नाही म्हणूनही असेल.

तरी मला वाटतं, वाळीत टाकण्याची ताकद आणि वेळेला धावून जाण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पहिलीशिवाय जमू शकते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस लागते आणि तीन साक्षीदार लागतात. घरून विरोध असलेल्या जोडप्याला हे तीन जण कुठून मिळणार? अंनिसचे कार्यकर्ते आंतरजातीय आणि सत्यशोधकी लग्नांना उभे राहतातच. पण ही कामं अहवालात 'इतर उपक्रम' म्हणून येतात, आणि संशोधनातही तशीच येतात. माझी टीका इथे आहे. मला तीच मुख्य कामं वाटतात.

म्हणून मी माझी प्रश्नावली बदलली. आधी पहिला प्रश्न होता, 'तुम्ही देव मानता का?' त्यावर लोक अर्धा अर्धा तास बोलायचे, आणि उत्तरं एकसारखी यायची. आता पहिला प्रश्न असा: 'रात्री दोन वाजता घरात कुणी गेलं, तर चळवळीतल्या कुणाला फोन कराल? ते किती वेळात पोचतील?'

बरेच जण थोडा वेळ गप्प बसतात. काही जण लगेच दोन-तीन नावं सांगतात. नावं मी लिहून घेत नाही, फक्त किती ते लिहिते. काकूलाही हा प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, "आता तू आहेस ना. फॉर्म मीही भरलाय, कपाटातच आहे."