ताट आणि पाट : ‘नटसम्राट’मधील घराचा प्रश्न

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चे (१९७०) शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी असलेले नाते सर्वपरिचित आहे. दोहोंतील एक भेद मात्र अधिक विचारार्ह वाटतो. लिअर राज्य वाटतो ते अटीवर : शंभर स्वार पदरी राहावयाचे व मुलींकडे पाळीपाळीने मुक्काम करावयाचा. गणपतराव बेलवलकर मिळकत वाटून टाकतात ती विनाअट. अट घालणे म्हणजे पोटच्या मुलांवर अविश्वास, ही मराठी मध्यमवर्गाची समजूत; शोकाचे मूळ तिच्यात आहे. ते केवळ सुनेच्या स्वभावात शोधणे उथळपणाचे होय.

‘ताट द्यावे, पाट देऊ नये’ ही लोकोक्ती येथे बारकाईने पाहावयास हवी. ताट दुसरा वाढतो. पाटावर आपण बसतो. ‘वडील घरी राहतात’ ह्या वाक्यात वडील कर्ता आहेत. ‘वडिलांना कोण ठेवणार?’ ह्यात ते कर्म होतात. घरातील तंट्याची पहिली खूण बहुधा हा विभक्तीबदलच असतो. मुलीच्या घरी बेलवलकरांवर चोरीचा आळ येतो, पण कर्तेपण त्यापूर्वीच सुटलेले असते.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या अधिनियमात ‘निर्वाह’ ह्या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवास व औषधोपचार एकत्र येतात. म्हणजे कायदाही पाट ताटातच वाढतो! कलम २३ अन्वये सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, परत मागता येते. ही अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. त्या न्यायाने लिअरची दाद लागली असती, बेलवलकरांची नाही. जानेवारी २०२५ च्या निर्णयाने कलमाचा अर्थ उदारपणे लावला खरा. परंतु त्या प्रकरणातील मातेजवळ मुलाचे लेखी वचन होते. बेलवलकरांनी असे वचन कधी मागितलेच नसते.

नाटकाच्या कक्षेबाहेर राहिलेले एक वार्धक्य बीड जिल्ह्यातील पाटोद्याकडे दिसते. दसरा-दिवाळीनंतर नवराबायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीस जातो आणि नातवंडांसह ‘म्हातारी घर राखते’. येथे ती कर्ता आहे. लाचारीने का होईना, घर तिच्यावाचून चालत नाही. पुढे भावाभावांत वाटणी निघाली, की प्रश्न येतो, ‘म्हातारीला कुणाकडे ठेवायचं?’ आणि महिन्यामहिन्याची पाळी ठरते. लिअरने जी मागून घेतली होती, ती हिला न मागता मिळते.