टोपास कोठे आहे?

कर्नाळ्याचा सुळका पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या कोणालाच चुकवता येत नाही. सहलीला येणाऱ्यांना तो अंगठ्यासारखा दिसतो. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना तो पहाऱ्यावरच्या माणसासारखा वाटे, आणि त्यात कविकल्पना नव्हती. गड म्हणजे पहारा, आणि पहारा कोणाकडे होता हे त्यांना ठाऊक होते. शिवकालीन गडाच्या व्यवस्थेत वर हवालदार, सबनीस, कारखानीस असत, म्हणजे बहुतांशी मराठा, ब्राह्मण, प्रभू. खाली घेऱ्यात, मेटांवर, रानातल्या वाटांवर महार, रामोशी, मांग, बेरड. शत्रू आला की पहिला घाव मेटावर. वरच्यांना दरवाजा लावून घेता येत असे. मेटाला दरवाजाच नव्हता.

१८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने हा गड घेतला. पायथ्याच्या शिरढोणचे फडके घराणे कर्नाळ्याच्या किल्लेदारीमुळे ओळखले जाई. त्याच घरात १८४५ साली वासुदेव बळवंत जन्मले. बंड करण्यापूर्वी ते पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. त्यांच्या बंडाचे मोल मी कमी करीत नाही. परंतु किल्लेदाराचे नाव राहिले, मेटकऱ्याचे राहिले नाही, एवढी नोंद करूनच मला पुढे जाता येईल.

या लेखाचे निमित्त मात्र गडावरचे नाही, रस्त्यावरचे आहे. भरतीच्या तयारीसाठी पहाटे मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे मी वर्षानुवर्षे पाहतो. परवा त्यांतल्या तिघांनी मला गाठले. एक आमच्याच बौद्धवाडीतला, एक आगरी, एक कातकरी वाडीवरचा. म्हणाले, ‘सर, तुमच्या घरात तिन्ही दलांतली माणसं आहेत. खरं सांगा, कुठं गेलं तर जिवाला धोका कमी? आणि कुठं जरा माणसासारखं जगायला मिळतं?’

प्रश्न सरळ होता. मी मात्र शिक्षकी पद्धतीने ‘देशसेवा सगळीकडे सारखीच’ असे काहीतरी बोलून गेलो. घरी येऊन त्याची लाज वाटली. मग कपाटातली पुस्तके काढली. मराठीत युद्धावर, सैनिकावर एवढे लिहिले गेले आहे, त्यात उत्तर सापडेल असे वाटले. सापडले नाही. का सापडले नाही, ते मांडण्यासाठी हे लिहितो आहे.

आपल्या प्रस्थापित सैनिकी लेखनात एकच सैनिक आहे. तो पायदळातला असतो, बहुधा अधिकारी असतो, सीमेवर असतो आणि शेवटच्या प्रकरणात तिरंग्यात लपेटून येतो. त्याच्या मरणाला एकच कारण असते, शत्रूची गोळी. तो काय खातो, त्याचे ताट कोण विसळतो, त्याचा संडास कोण साफ करतो, त्याचा दारूगोळा कोण उचलून ठेवतो, हे प्रश्न त्या वाङ्मयाला पडत नाहीत. फौज ही तिथे एक मूर्ती आहे. मूर्तीला हात, पाय, पोट असे वेगळे अवयव असले तरी वेगवेगळे दुखणे नसते!

आता आमच्या घरातली फौज पाहा. थोरले बंधू पायदळात. त्यांनी एका हिवाळ्यात बर्फात दोन बोटे गमावली आणि गोळी मात्र एकदाही अंगावर घेतली नाही. सियाचीनवर १९८४ पासून आपली फौज बसली आहे. तिथे शत्रूच्या माऱ्यापेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि हिमकड्यांनी अधिक माणसे नेली, हे आता सर्वश्रुत आहे. पण हिमदंशाने गळलेल्या बोटाची कविता होत नाही. बंधू म्हणत, ‘गोळीची भीती घटकाभर असते रे, थंडीची चोवीस तास.’ चुलतभाऊ हवाई दलात, जमिनीवरचा मेकॅनिक. त्याच्या दलात धोक्याची वाटणी अगदी उलटी. उडणारा अधिकारी असतो, म्हणून विमान पडले की आधी अधिकारी जातो. मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये आले आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाले. त्या बासष्ट वर्षांत अपघातांत किती वैमानिक गेले, त्यावर अग्रलेख लिहिले गेले, चित्रपट निघाला. ते व्हायलाच हवे होते. पण एवढा आवाज उठला तो मरणारा शिकलेल्या, बोलत्या घरातला होता म्हणूनही, हे लपवण्यात अर्थ नाही. पायदळात मरणाऱ्यांची रांग शिपायापासून सुरू होते. त्या रांगेच्या मागे बोलते घर क्वचित असते.

आणि मावसभाऊ नौदलात. मावशी सांगे, ‘माझा पोरगा नेव्हीत आहे.’ पांढऱ्या गणवेशातला त्याचा फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी होता. कोणत्या जहाजावर आहे हे सगळे विचारीत, जहाजावर काय करतो हे कोणी विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. तो टोपास होता. टोपास म्हणजे जहाजावरचा सफाईवाला. शब्द जुना, पोर्तुगिजांच्या काळचा. मूळ अर्थ वेगळा होता, पण घसरत घसरत तो मोरी आणि संडासापाशी येऊन थांबला. रॉयल इंडियन नेव्हीत हा वर्ग होता आणि स्वातंत्र्यानंतर नौदलातही तो त्याच नावाने पुढे चालला. इंग्रज गेले, जहाजांची नावे बदलली, टोपास राहिला. १९४६ च्या फेब्रुवारीत ‘तलवार’वरून नाविकांचे बंड पेटले, त्यावर मराठीत मी जे वाचले त्यात निकृष्ट जेवण आहे, अपुरा पगार आहे, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या आहेत. टोपास मला भेटला नाही.

जहाजावरचे मरण मात्र वेगळ्या जातीचे. झुंजीचा इशारा झाला की टोपाससुद्धा आग विझवणाऱ्या किंवा जखमी उचलणाऱ्या टोळीत जातो. मावसभाऊ सांगे, त्या वेळी शिडीवर त्याच्यामागे कोण आणि पुढे कोण याची कोणाला शुद्ध नसे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, ही गोष्ट देशाला पाठ आहे, आणि ती खरी आहे. पण १७६ हा आकडा नीट वाचा. त्यात तोफा डागणारे आहेत, तसे स्वयंपाकी, वाढपी, सफाईवाले असणारच. त्यांच्यावाचून जहाज एक दिवस चालत नाही. मैलाला हात लावतो म्हणून ज्याच्यापासून बाकीचे चार हात दूर बसत, तो त्यांच्याच पाण्यात, त्याच मिनिटाला गेला. या एका प्रसंगावर एक अस्सल कादंबरी उभी राहू शकते. कोणी लिहिली आहे? जगताना वर्ग आणि बुडताना समता, हा विषय मराठी कादंबरीकाराला सुचू नये?

प्रस्थापितांना नावे ठेवून मला थांबता येणार नाही. आपलेही घर तपासले पाहिजे.

आपल्या वाङ्मयाची एक मुळी पलटणीत आहे. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि ‘विटाळ विध्वंसन’ घेऊन उभे राहिले. रामजी सुभेदार पलटणीतल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. फौजेत सर्वांत कमी धोक्याचे खाते कोणते असे मला कोणी विचारले तर मी ही शाळा दाखवीन. आणि इंग्रजांच्या साऱ्या फौजेला सर्वांत महाग पडलेले खाते कोणते असे विचारले तरी हीच शाळा दाखवीन! पलटणीतल्या मुलामुलींना सक्तीने शिकवणाऱ्या त्या शाळांनी आमच्या घरांत अक्षर आणले. मुंबईच्या फौजेत जहाजांवर राहून लढणारी मरीन बटालियनही होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे मानणाऱ्यांना ती नकोशी, आणि ज्यांच्याजवळ बुडायला धर्मच ठेवला नव्हता ते महार शिपाई तिच्यात होते. म्हणजे कोणत्या खात्यात कोण, हे तेव्हाही जातच ठरवीत होती.

मग १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १८९४ मध्ये वलंगकरांनी अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज गेला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, पुढे ती मशीनगनची रेजिमेंट झाली. तिच्यातून देशाला कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन सरसेनापती मिळाले.

या साऱ्या काळात आमचा प्रश्न ‘कोठे धोका कमी’ हा नव्हता. ‘आम्हाला धोका द्या’ हीच मागणी होती. मरण्याचा हक्क मागण्यासाठी अर्ज करावा लागलेला समाज मला तरी दुसरा सहजासहजी दिसत नाही. आणि अर्जाची एक भाषा असते. अर्जात शौर्य लिहावे लागते, लढायांची यादी द्यावी लागते, पूर्वजांचे इमान सांगावे लागते. बरॅकीतले वेगळे पाण्याचे मडके अर्जात लिहिता येत नाही. लिहिले तर साहेब म्हणेल, एवढी कटकट आहे तर तुम्हाला घ्यावे कशाला? माझे म्हणणे असे की, ती अर्जाची भाषा अर्ज संपल्यावरही आपल्या लेखणीतून गेली नाही. १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभावर आपण ‘नाक’ प्रत्यय असलेली २२ नावे शोधतो, ऊर भरून येतो, माझाही येतो. पण त्या दिवशी तिथे पायदळ होते, घोडदळ होते, आणि मद्रासच्या दोन तोफा होत्या. त्या तोफांवरच्या दोन डझनांच्या आसपास गोऱ्या गोलंदाजांपैकी निम्मे ठार झाले. दिवसभर पाण्यावाचून ही वेगवेगळी माणसे एकमेकांच्या शेजारी कशी तगली, कोणी कोणाच्या हातचे पाणी घेतले, हे विचारायला आपण तयार नाही. आपणही मूर्तीच घडवतो. त्यांनी एक घडवली, आपण दुसरी.

याला एक झणझणीत अपवाद आहे आणि तो बाबासाहेबांचाच. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत पहिलाच प्रसंग १९०१ चा. सुभेदाराची पोरे, अंगावर चांगले कपडे, मसूर स्टेशनावर उतरलेली. जात कळताच गाडीवान मिळेना, रात्रभर पाणी मिळाले नाही. तिथे एकाही लढाईचे वर्णन नाही, पदक नाही. फौजेने दिलेली इभ्रत छावणीच्या फाटकाबाहेर किती पावले चालते, एवढेच त्यात मोजले आहे. सैनिकाच्या घराविषयी मी याहून खरे काही वाचलेले नाही. पुढे ‘बलुतं’ आले, ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘तराळ-अंतराळ’ आले. गावकूस, वतन, झोपडपट्टी, वसतिगृह, सारे शब्दांत आले. बरॅक तेवढ्या ताकदीने आली नाही. ज्यांनी ती पाहिली ते लिहिते झाले नाहीत. माझ्या बंधूंनी तीस वर्षांत पोस्टकार्डाबाहेर ओळ लिहिली नाही.

आणि जे फौजेत नसून फौजेचे मरण मरतात त्यांचे काय? वर्धा जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. ३१ मे २०१६ च्या आगीत तिथे दोन अधिकारी गेले, आणि त्यांच्याबरोबर आग विझवायला धावलेले अग्निशमनाचे कर्मचारी गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला त्याच परिसरात जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागी स्फोट झाला. सहा माणसे मेली. त्यांत आसपासच्या खेड्यांतले, पेट्या उतरवायला आलेले कंत्राटी मजूर होते. त्यांचा गणवेश नव्हता, क्रमांक नव्हता, त्यांना हुतात्मा म्हणणारा फलक नव्हता. आमच्या इकडेही उरणजवळ करंजाला नौदलाचे शस्त्रागार आहे. मेटकरी इतिहासातून गेला असे मी वर म्हटले. तो कोठेही गेलेला नाही. तो रोजंदारीवर आहे.

या पोरांपुढचा पेच आणखी वेगळा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्के ठेवणार, बाकीच्यांना एकरकमी पैसे आणि घरचा रस्ता. निवृत्तिवेतन नाही. एकरकमी पैशांना मी कमी लेखत नाही, आमच्या वाडीत ती रक्कम मोठी आहे. परंतु वलंगकरांना लिहायला उसंत कोठून मिळाली? पेन्शनीतून. रामजींनी पोरांना शिकवायची ईर्षा कशाच्या आधारावर धरली? पेन्शनीच्या. दापोली, महाड, सातारा या भागांतल्या पेन्शनर सुभेदार-हवालदारांनी चळवळीचा पहिला पाया घातला. चोविसाव्या वर्षी परतलेल्या पोराकडून ती अपेक्षा कशी करायची? दलांची तुलना करताना गोळी, थंडी, पाणी यांच्या जोडीला हाही धोका मोजावा लागेल.

हे सारे मी त्या तिघांना पुढच्या रविवारी सांगितले, निदान सांगायचा प्रयत्न केला. आगऱ्याचा पोरगा मध्येच घड्याळाकडे पाहू लागला, त्याला सोळाशे मीटरची वेळ कमी करायची होती. आमच्या वाडीतला म्हणाला, ‘मी पायदळातच जाणार, तिथं जागा जास्त निघतात.’ कातकरी पोर शेवटपर्यंत थांबले. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. नौदलाच्या भरतीची जाहिरात होती, दहावी पासांसाठी. त्यात शेफ, स्टुअर्ड आणि हायजिनिस्ट अशी तीन कामे होती.

‘सर, हा हायजिनिस्ट म्हणजे दवाखान्यातलं काम असतं ना?’

मी कागद दोनदा वाचला. मग मावसभावाचा फोन नंबर त्याच कागदाच्या मागे लिहून दिला आणि म्हटले, ‘यांना विचार. ते होते तेव्हा याचं नाव वेगळं होतं.’